पुरात बुडालेली जुनी शिडाची होडी कमी खर्चात दुरुस्त करायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला बहुतेक वेळा होडी विकत घेऊन झाल्यावर विचारले जातात, त्यामुळे पहिलं उत्तर सहसा वाया जातं. तरी ते पहिलंच ठेवलंय. खालचं सगळं साधारण २० ते ३० फुटी, फायबरग्लासच्या, आत एखादं लहान डिझेल इंजिन असलेल्या होडीला धरून आहे. लाकडी होडीचं दुखणं निराळं असतं, तिच्यासाठी पुढे एक वेगळं उत्तर आहे.

होडी फुकट मिळतेय. घ्यावी का?

फुकटची होडी म्हणजे चार आण्याची कोंबडी, मसाला बारा आण्यांचाच लागतो. तशीच, तेवढ्याच लांबीची होडी चालू स्थितीत कितीला मिळते ते आधी बघून घ्या. पुष्कळदा दुरुस्तीच्या खर्चाहून कमी पैशांत सुस्थितीतली होडी मिळून जाते. मग प्रश्न पैशांचा राहत नाही, हौसेचा राहतो. हौस असेल तर जरूर घ्या, पण बचत होतेय असं स्वतःला सांगू नका.

कागद आधी बघा. पुरानंतर विमा कंपनीने भरपाई दिली असेल तर मालकी तिच्याकडे गेलेली असू शकते, आणि जो गृहस्थ तुम्हाला होडी देऊ करतोय त्याला ती द्यायचा हक्कच नसतो. धक्क्याचं थकलेलं भाडंही होडीबरोबर तुमच्या गळ्यात पडू शकतं.

मग होडीकडे वळा. हल (होडीचं खालचं कवच) आणि कील (त्याच्या तळाशी खाली उतरलेला जड पंखा) यांचा सांधा, डोलकाठीच्या तारांचा भार घेणाऱ्या केबिनच्या आडव्या भिंती, आणि डेक, म्हणजे होडीचा वरचा चालायचा पृष्ठभाग. यातलं एक बिघडलं असेल तर हिशेब करायला बसा. दोन असतील तर होडीला नमस्कार करून घरी या.

बघायला जाताना बरोबर काय न्यावं?

टॉर्च, टोच्या, खडू, जुने कपडे आणि प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी. हातोडी नसेल तर स्क्रू ड्रायव्हरची मूठ चालते.

डेकवर दर दोन-तीन इंचांवर टकटक करत जायचं. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो. फायबरग्लासच्या आतला लाकडी गाभा कुजला असेल तर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा थप्प येतो. आवाज जिथे बदलतो तिथे खडूने रेघ ओढत चला. अर्ध्या तासात डेकवर नकाशा तयार होतो, आणि त्यातली बेटं बहुधा रेलिंगच्या खांबांभोवती, डोलकाठीच्या बुडाशी आणि हॅचच्या, म्हणजे डेकवरच्या झाकणाच्या तोंडाच्या, कोपऱ्यांत सापडतात, म्हणजे जिथे जिथे कोणी कधी स्क्रू मारला होता तिथे. ही कूज पुराने केलेली नसते. ती कित्येक वर्षांची असते, पुरामुळे तुम्ही तिच्याकडे निरखून बघताय एवढंच. या होड्यांच्या बाबतीत हे कायम लक्षात ठेवा: पुराचं स्वतःचं नुकसान इंजिन, वायरिंग आणि गाद्या एवढ्यातच बहुतेक संपतं. बाकीची बिलं जुनी असतात.

ओलावा मोजायचं मीटर नेलंत तर नुकत्याच पाण्यातून निघालेल्या होडीवर ते सगळीकडेच बोंब मारतं. तळाचा तांबंयुक्त रंगही त्याला फसवतो. काही आठवडे वाळू द्या, मग लावा.

पाणी गोडं होतं की खारं, याने फरक पडतो का?

खूप. गोड्या पाण्याच्या पुरात गाळ, सांडपाणी आणि कुठून कुठून वाहून आलेलं तेल असतं. घाण भयंकर, पण धातूंना गंजायला जरा सवड मिळते. खारं पाणी दिसायला स्वच्छ, आणि काम तमाम करणारं.

खाऱ्या पाण्याची एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून खाऱ्या पाण्यात बुडालेली केबिन नुसती वाळवत बसलात तर ती कधीच पुरती वाळत नाही, दमट दिवस आला की लाकूड आणि कापड परत चिकट. आधी गोड्या पाण्याने सगळं, अगदी कपाटांच्या आतली बाजूसुद्धा, भरपूर धुवा. ओल्या होडीत आणखी पाणी ओतायला जिवावर येतं, पण धुतल्याशिवाय वाळवण्याला अर्थ नाही.

होडी आत्ताच बाहेर काढलीय. पहिल्या दोन दिवसांत काय करायचं?

सगळ्यात आधी बॅटऱ्या सोडवा आणि धक्क्यावरून येणारी वीज तोडा. लेड-ॲसिड बॅटरीत खारं पाणी शिरलं असेल तर क्लोरीन वायू निघू शकतो, तेव्हा बंद केबिनमध्ये डोकं घालायच्या आधी सगळी झाकणं उघडून वारा खेळू द्या. लिथियम बॅटरी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर तिचा भरवसा धरू नका, ती काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. होडीपासून लांब, उघड्यावर ठेवा आणि तिची विल्हेवाट त्यातल्या जाणकाराकडे सोपवा.

नंतर वजन. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. होडी जमिनीवर टेकूंवर उभी असते तेव्हा मुख्य भार कीलवर असावा लागतो, टेकू फक्त तोल सांभाळतात. आत पाणी भरलेलं असेल तर टेकूच्या जागी हल आत दबतो. म्हणून तळाचा बूच काढून पाणी आधी सोडा, बाकीचं मग.

गाळ ओला आहे तोवरच काढा. वाळला की तो सिमेंट होतो आणि बिल्जच्या, म्हणजे तळाच्या, प्रत्येक फटीत बसतो. रबरी हातमोजे आणि गमबूट घाला. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याला पायावरचा एक ओरखडा पुरतो.

गाद्या, कार्पेट, छताला लावलेला फोम हे सगळं त्याच दिवशी बाहेर. बुरशी २४ ते ४८ तासांत धरते. गाद्यांचा फोम वाचवायच्या भानगडीत पडू नका, मापासाठी एक-एक खोळ ठेवा आणि बाकी टाकून द्या. आणि हो, काहीही फेकण्याआधी फोटो. विम्याचा दावा असो वा नसो, कुठली पट्टी कुठे होती हे सहा महिन्यांनी फक्त फोटोलाच आठवतं.

इंजिन पाण्याखाली होतं. गेलं का?

बहुतेक वेळा बुडण्याने गेलेलं नसतं. कोणीतरी 'चालू होतंय का बघू' म्हणून किल्ली फिरवतो, त्याने जातं. म्हणून किल्ली काढून खिशात ठेवा. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टरने फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खरंच गेलं.

इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल, काढा. क्रँकशाफ्टच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने, हळूहळू फिरवा. भोकांतून पाणी पिचकारीसारखं उडतं, तोंड बाजूला ठेवा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल ओतून परत फिरवा. खालचं ऑइल सोडलंत की आधी निव्वळ पाणी येईल, मागून कॉफीसारखा दुधाळ पदार्थ. स्वस्तातलं ऑइल आणि नवा फिल्टर घालून इंजिन थोडा वेळ चालवा, गरम असतानाच सोडा, पुन्हा भरा. दुधाळपणा जाईपर्यंत हेच. तीन फेऱ्या धरून चाला. गिअरबॉक्सचं ऑइल लोक हमखास विसरतात.

टाकीत हवेच्या नळीतून पाणी शिरलेलं असतं. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. तळातून काढा, फिल्टर बदला, आणि हे सगळं इंजिन चालू करण्याआधी. पाणी इंजेक्शन पंपापर्यंत गेलं तर पुढचं काम घरचं राहत नाही. स्टार्टर आणि अल्टरनेटर काढून वाइंडिंगवाल्याकडे द्या, ते बऱ्याचदा वाचतात.

लगेच हात लावणं शक्य नसेल तर? गंजाला पाण्याइतकीच हवा लागते. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लटकवायचं इंजिन, असेल तर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा, हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं पण उघड्यावर ठेवण्यापेक्षा बरं. आतलं इंजिन असेल तर निदान सिलिंडर डिझेल-ऑइलने भिजवून रोज थोडं हाताने फिरवा.

आणि इंजिन गेलंच असेल तर लहान होडीच्या मागे जुना आउटबोर्ड लटकवणं हा लाजिरवाणा पण शहाणा उपाय आहे.

वायरिंगची फक्त टोकं बदलली तर चालेल?

मीही हेच करायला गेलो होतो. केबिनच्या दिव्याच्या वायरचं टोक कापलं, आतलं तांबं काळं. आणखी सहा इंच कापलं, काळंच. वायरीतल्या बारीक तारांच्या मधून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वर चढत जातं. तीन-साडेतीन फुटांवर चकाकणारं तांबं लागलं, तोवर उरलेली वायर दिव्यापर्यंत पोचत नव्हती.

तेव्हा पाण्याखाली गेलेली सगळी वायर काढा. स्विच, ब्रेकर आणि फ्यूजची पेटीही नवी घ्या, आणि धक्क्यावरच्या विजेच्या बाबतीत तर वाद नको, ते जिवाशी खेळणं आहे. नवी वायर कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक तारांची घ्या. पैसे कमी आहेत म्हणून हलकी वायर घेण्यापेक्षा सर्किट कमी करा. दिशादर्शक दिवे, बिल्ज पंप, रेडिओ, केबिनमध्ये दोन दिवे. एवढ्यात होडी चालते. जुनी वायर काढताना तिच्या टोकाला दोरी बांधून ओढा म्हणजे नवी घालायला वाट तयार राहते.

डेक पायाखाली दबतो. भोकं पाडून इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) ओतलं तर?

हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि मी तो मानला होता. दर दीड इंचावर भोक, प्रत्येकात पिचकारीने इपॉक्सी, वर रंग. एक हंगाम बरं वाटलं. मग डेक परत मऊ. उघडून बघितलं तर आत मेणबत्त्यांसारखे इपॉक्सीचे खांब उभे होते, आणि त्यांच्या मधोमध काळा, ओला लगदा जसाच्या तसा. ओल्या लाकडात इपॉक्सी शिरत नाही. ते भोकापुरतं भरतं आणि थांबतं.

खरा उपाय कष्टाचा आहे, महागाचा नाही. डेक म्हणजे फायबरग्लासचे दोन पापुद्रे आणि मध्ये बाल्सा किंवा प्लायवूडचा गाभा. खडूच्या रेघेच्या थोडं बाहेरून, पात्याची खोली वरच्या पापुद्र्याइतकीच ठेवून, कापा. वरचा पापुद्रा अख्खा उचलून जपून ठेवा. लगदा खरवडून काढा, कडेचं लाकूड कोरडं आणि टणक लागेपर्यंत. खालचा पापुद्रा घासा, पूर्ण वाळू द्या. नवा गाभा दाट केलेल्या इपॉक्सीत बसवा, वर वजनं ठेवा, मग जुना पापुद्रा परत चिकटवा. कापलेल्या फटीच्या दोन्ही बाजूंना उतार घासून त्यावर नवं फायबरग्लासचं कापड चढवायचं. उताराचं प्रमाण एकास बारा: पापुद्रा ३ मिलिमीटर जाड असेल तर उतार दोन्हीकडे ३६ मिलिमीटर. कमी उतार ठेवला की सांध्याला तडा जातो.

रेलिंगचे खांब परत बसवताना स्क्रूचं भोक आधी मोठं पाडा, ते इपॉक्सीने भरा, आणि वाळल्यावर त्या इपॉक्सीत मूळ मापाचं भोक पाडा. म्हणजे पुढे कधी सील गळलं तरी पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. कारखान्याने हे मुळात केलं असतं तर तुम्हाला हे वाचावं लागलं नसतं.

इपॉक्सी महाग आहे, पॉलिस्टर रेझिन वापरू का?

नवा साचा भरायला पॉलिस्टर ठीक. जुन्या फायबरग्लासला किंवा लाकडाला चिकटवायचं असेल तर इपॉक्सीच. इपॉक्सी जुन्या पॉलिस्टरवर उत्तम बसतं, उलट मात्र होत नाही. काही बिनमहत्त्वाची कामं पॉलिस्टरने भागतात, पण दोन्ही डबे एकाच होडीवर उघडे असले की चूक होतेच, त्यामुळे मी एकच ठेवतो.

हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा दुसरा भाग, जास्त घातला की लवकर वाळतं हा पॉलिस्टरच्या सवयीतून आलेला समज आहे. इपॉक्सीत प्रमाण चुकलं की ते कायमचं चिकट राहतं. वजनकाट्यावर मोजा. कालवलेलं इपॉक्सी पेल्यात साठवून ठेवू नका, साचलं की स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर काढतं. पसरट ताटलीत ओता. आणि वाळल्यावर वर मेणचट थर दिसला तर आधी पाण्याने घासून धुवा, मग पॉलिश पेपर. उलट केलंत तर तो थर घासून आतच जातो आणि पुढचा लेप धरत नाही.

डोलकाठी आणि तारा तर पाण्याबाहेर होत्या. त्या ठीक ना?

पुराने काही केलं नसेल, काळाने केलं असेल. स्टेनलेसच्या तारांना साधारण १० ते १५ वर्षं आयुष्य धरतात. कापडाचा बोळा तारेवरून फिरवा, धागा अडकला की तिथे तंतू तुटलाय, तार बदला. हात फिरवू नका, रक्त निघतं.

जास्त काळजी चेनप्लेटची, म्हणजे तारा ज्या पट्ट्यांना बांधतात त्यांची. स्टेनलेस हे नाव ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण जिथे ओल आहे आणि हवा नाही, तिथे ते आतून चरतं, आणि डेकमधून पट्टी जाते ती जागा नेमकी तशी असते. वर चकाकी, मध्ये सुरीच्या पात्याइतकी पातळ. सगळ्या चेनप्लेट बाहेर काढून बघा, याला पर्याय नाही. कील धरणाऱ्या बोल्टांचं गणितही हेच. सांध्याच्या पुढच्या टोकाला तडा असेल आणि तिथून गंजाचं पाणी ओघळत असेल तर जाणकार सर्व्हेअरला, म्हणजे होडी तपासून देणाऱ्याला, बोलवा. या एका ठिकाणी फी वाचवू नका.

तळातले व्हॉल्व्ह (हलच्या भोकांमधून आत-बाहेर जाणारं पाणी बंद करणारे) चालतात तर बदलू का?

नुसते चालतात म्हणून ठेवू नका. पृष्ठभाग थोडा खरवडा. ब्राँझ पिवळट चमकतं. गुलाबी दिसलं तर ते पितळ आहे आणि त्यातलं जस्त निघून गेलंय, उरलंय ते बिस्किटासारखं ठिसूळ. बदला. त्यांना जोडलेले रबरी पाइप आणि क्लिपाही.

शिडांवर गाळ आणि बुरशी आहे.

पॉलिस्टरची शिडं असतील तर गोडं पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश आणि सावलीत वाळवण. वॉशिंग मशीन नको. ब्लीच नायलॉनच्या स्पिनेकरला (पुढच्या फुग्यासारख्या शिडाला) आणि केव्हलारसारख्या अरामिड धाग्याला मारतं, तिथे ते लावूच नका. डाग राहिले तर राहू द्या, डागांनी वेग कमी होत नाही. शिवण मात्र नखाने घासून बघा. धागा भुगा होऊन निघाला तर कापड चांगलं असलं तरी सगळी शिवण परत घालून घ्यावी लागेल.

वास जातच नाही.

मग कुठेतरी अजून गाळ आहे. केबिनच्या आतल्या फायबरग्लासच्या अस्तराच्या आणि हलच्या मधली पोकळी, पाण्याच्या टाकीखालची जागा, तरंगण्यासाठी भरलेला फोम. हात पोचत नसेल तर भोक पाडून झाकण बसवा, ते पुढेही उपयोगी पडतं. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा अमोनियाचं काही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. वाळवायला ओलावा ओढणारं यंत्र लावणार असाल तर झाकणं बंद ठेवा, नाहीतर ते बाहेरची हवाच वाळवत बसतं.

होडी लाकडी असेल तर?

घाई करू नका. ऊन आणि पंखे लावून झटपट वाळवली तर फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात, आणि पुराने जे केलं नाही ते तुम्ही करता. सावली, ओली गोणपाटं, हळूहळू. सांध्यातला कापूस आणि लुकण तपासा, फासळ्यांच्या मुळाशी टोच्या घालून बघा. सहज घुसला तर तिथे काम आहे.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही?

जे तुटल्यावर होडी बुडते किंवा डोलकाठी पडते, ते नवं घ्या: व्हॉल्व्ह, पाइप, तारा, गॅसची नळी. लाइफ जॅकेट तपासा. पाणी लागून आपोआप फुगणारी असतील तर पुरात ती फुगून गेलीत आणि त्यांचे सिलिंडर रिकामे आहेत. अग्निशामक नवा.

बाकी सगळं जुनं चालतं. शिडाचे दोर ओढायचे विंच उघडून रॉकेलमध्ये धुतले की पुढची कित्येक वर्षं चालतात. पुली, नांगर, स्टोव्ह, केबिनची दारं सेकंडहँड मिळतात. आतलं वॉर्निश शेवटी, आणि बाहेरचा चकचकीत रंग त्याच्याही नंतर. बहुतेक माणसं उलट करतात, कारण रंग मारलेला दिसतो आणि बदललेला पाइप दिसत नाही. रंग ब्रश-रोलरनेच लावा. दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग फवारला तर त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना धोकादायक असतात, आणि साध्या मास्कने ते थांबत नाहीत.

किती दिवस लागतील?

तुम्ही ठरवलेत त्याच्या दुप्पट. त्यातले निम्मे काहीतरी वाळण्याची वाट बघण्यात जातात.

पाण्यात सोडताना काय बघायचं?

क्रेनचे पट्टे लगेच सोडू देऊ नका. होडी पाण्यात टेकली की आत जा. आदल्या दिवशी बिल्ज कोरडं पुसून प्रत्येक व्हॉल्व्हखाली, प्रत्येक पाइपच्या सांध्याखाली टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून द्या. डोळ्यांना न दिसणारा पाझर तो कागद लगेच दाखवतो. सगळे कोरडे असतील तरच क्रेनवाल्याला हात करा.

पहिली रात्र होडीवरच झोपा, आणि दर दोन तासांनी टॉर्च घेऊन तळ बघा. जुन्या पद्धतीची ग्लँड, म्हणजे पंख्याचा शाफ्ट हलमधून बाहेर जातो तिथली पाणी अडवणारी, नटाने आवळायची जागा, असेल तर शाफ्ट फिरत असताना तिथून मिनिटाला काही थेंब पडताना दिसतील. घाबरून तो नट आवळू नका. पॅकिंगला ओलं ठेवणारे थेंब ते, बंद केलेत तर शाफ्ट तापून घासला जाईल. बाकी कुठेही थेंब दिसला तर मात्र उठा.